आतली कडी

पहिला घाव दारावर बसला तेव्हा तो दचकला, आणि आपण दचकलो याचीच त्याला जास्त लाज वाटली. उभं आयुष्य अग्निशमन दलात लोकांची दारं फोडण्यात गेलं होतं, गेली काही वर्षं नव्या तुकड्यांना दारं फोडायला शिकवण्यात जात होती, आणि घण पहारेवर आपटल्याचा आवाज त्याला घरातल्या भांड्यांच्या आवाजाइतका सवयीचा होता. पण तो आवाज नेहमी आपल्या बाजूचा असायचा, आपल्या हातातून निघून पलीकडे जाणारा. आज तो स्वतःच पलीकडे बसला होता. नव्या साहेबांच्या डोक्यात खऱ्याखुऱ्या सरावाचं खूळ शिरलं होतं. केंद्राच्या अंगणातलं लोखंडी सरावाचं दार, ज्याच्या फटीत लाकडाची पाचर ठोकायची आणि पहारेनं ती मोडायची, ते पोरांना आता तोंडपाठ झालंय, असं साहेबांचं म्हणणं होतं, आणि ते काही खोटं नव्हतं. म्हणून पाडायला काढलेली ही इमारत मागून घेतली होती. खरी दारं, खरी कुलपं. धुरात दिसत नाही तसं काही दिसू नये म्हणून मास्कच्या काचेवर काळा कागद. आणि आत एक खरा माणूस, अडकलेला. "आत कोण बसणार?" असं साहेबांनी विचारलं तेव्हा सगळ्यांनी आपापल्या बुटांकडे बघितलं होतं, आणि त्या शांततेचा कंटाळा येऊन तो म्हणून गेला होता, "मी बसतो." मास्तरच आत बसणार म्हटल्यावर तुकडीत खसखस पिकली. लंबूनं तर, "मास्तर, आम्ही नाही सोडवलं तर?" असंही विचारून घेतलं.

दुसरा घाव बसला. चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून चुन्याची धूळ खाली आली आणि जमिनीवर पसरली. तो बोळाच्या टोकाला, आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी, भिंतीला पाठ लावून बसला होता, कारण दार आत आलं तर अंगावर येऊ नये इतकी अक्कल त्याला होती. घर रिकामं होतं. कपाट जिथे उभं होतं तिथे भिंतीचा रंग ताजा राहिला होता, ओट्यावरच्या नळाला कुणीतरी चिंधी बांधून ठेवली होती, आणि निघताना घाईत राहून गेलेला एक कंगवा खिडकीत पडला होता. त्याला राग आला होता तो वेगळ्याच गोष्टीचा. तुकडीला पहिल्या दिवसापासून त्यानं एकच घोकवून घेतलं होतं: आधी हाक, मग हात, मग हत्यार. म्हणजे आधी दार वाजवून विचारायचं, आत कुणी आहे का. मग मूठ फिरवून बघायची, कारण निम्मी दारं नुसती लोटलेली असतात. आणि मगच पहार. ही जुळवाजुळव त्याची स्वतःची होती आणि तिचा त्याला थोडा गर्वही होता. आता बाहेर चौघं उभी होती, चौघांनाही हे झोपेत म्हणता आलं असतं, आणि चौघांपैकी एकानंही हाक मारली नव्हती. तो ओरडायला तयार होऊन बसला होता. हाक आली की मी उत्तर देईन, असं त्यानं ठरवलं होतं. हाकच आली नाही, सरळ घण आला. तोंडातला शब्द तोंडातच राहिला, आणि आता ओरडावं म्हटलं तर गळ्यातून आवाज निघेना. आपण गंमत म्हणून आत बसलोय, बाहेरची पोरं आपलीच आहेत, हे सगळं त्याला पक्कं ठाऊक होतं. पण पाठीच्या कण्याला ते ठाऊक नव्हतं. प्रत्येक घावासरशी तो ताठ होत होता. लोक आत असे बसतात तर, त्याला वाटलं. इतकी वर्षं आपण दारं फोडली ती अशा माणसांवर.

मग त्याचं लक्ष कडीकडे गेलं. ती त्यानंच मघाशी लावली होती, पण लावताना काही बघितलं नव्हतं, हात आपोआप गेला होता. आता त्याला जाणवलं की हात आपोआप खाली गेला होता. कडी कोपराच्या उंचीवर होती. बाकीचे सुतार ती खांद्याच्याही वर लावतात, लहान मुलांचा हात पोचू नये म्हणून. कोपराशी कडी लावणारा एकच माणूस त्याला माहीत होता. म्हातारपणी हात वर जात नाही, असं तो माणूस म्हणायचा, आणि हे म्हणायचा तेव्हा तो स्वतः ऐन उमेदीत होता. भिंत सोडून तो रांगत दाराजवळ गेला. असं जाणं नियमाला सोडून होतं, दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्यानं त्याला फाडून खाल्लं असतं. कडीच्या पट्टीत स्क्रू होते आणि सगळ्या स्क्रूंच्या खाचा उभ्या होत्या. एकही तिरकी नाही. आडव्या खाचेत धूळ बसते, मग गंज धरतो, मग कधी काढायची वेळ आली तर पेचकस फिरतो आणि स्क्रू हलत नाही, असं सांगत सांगत त्याचे वडील, आप्पा, शेवटचा अर्धा वळसा देत. खाच उभी आली नाही तर स्क्रू काढून दुसरा लावत. लहानपणी सुट्टीत तो त्यांच्याबरोबर कामावर जाई, आणि त्याचं काम एवढंच असे, की स्क्रू लावून झाले की नखानं प्रत्येक खाच तपासायची. आताही त्यानं नखानं तपासलं. बाहेरून घण बसत होता, कडी थडथडत होती आणि तो खाचा चाचपत होता. हे घर आप्पांच्या हातचं होतं. कदाचित सगळी इमारतच.

बाप दारं बसवतो आणि पोरगा फोडतो, हा घरातला जुना विनोद. तो दलात भरती झाला त्या दिवशी आप्पांनीच तो पहिल्यांदा केला, आणि नंतर पाहुणेरावळे आले की दर वेळी करत. "आमचा धंदा एकमेकांवरच चालतो," असं म्हणून ते आधी स्वतःच हसत. आता विनोद त्यांच्याकडून निसटला होता. त्यातला पोरगा कोण हेच अधूनमधून निसटत होतं. सकाळी तो गणवेश घालून निघायच्या बेतात असताना बायकोनं स्वयंपाकघरातून हाक मारली होती, "अहो, बाथरूममधून पाणी बाहेर यायला लागलंय. आप्पा आहेत आत. उत्तर देत नाहीत." दाराखालून पाण्याची धार आली होती आणि आत नळ धो धो चालू होता. तो गणवेशानिशी त्या पाण्यात गुडघे टेकून बसला. "आप्पा, कडी सरकवा." आतून बऱ्याच वेळानं आवाज आला, "कुठली?" "दाराची. तुमच्या कोपराशी आहे." "इथे कडी नाही." "आहे आप्पा. तुम्हीच लावलीय." "मी नाही लावली," आप्पा म्हणाले, आणि मग त्यांच्या आवाजात काहीतरी बारीक, लहान मुलासारखं आलं. "इथे दारच नाही." बायको मागे उभी राहून हलक्या आवाजात म्हणाली, "जगाची दारं फोडता. हे एक फोडा ना." त्याला ते येत होतं. कसं फोडायचं हे त्याच्याइतकं या जगात कुणालाच माहीत नव्हतं. पण आत म्हातारा उघडा उभा असेल, थंडीनं काकडत असेल, आणि त्याच्यावर पोटचा पोरगा पहार घेऊन दार पाडतोय, हे चित्र त्याला सहन होईना. तो बोलत राहिला. डावा हात भिंतीवर ठेवा, आता लाकूड लागेल, लाकडावरून हात खाली आणा. अखेर कडी सरकल्याचा आवाज झाला. आप्पा पंचा गुंडाळून समोर उभे राहिले, ओठ निळे पडलेले. त्यांनी त्याच्या गणवेशाकडे नीट निरखून बघितलं आणि काळजीनं विचारलं, "आग कुठे लागलीय?" आणि मग, अदबीनं, "कुणाकडे आलात आपण?"

बायकोनं त्यानंतर लादी पुसली, आप्पांना कोरडे कपडे दिले, चहा दिला आणि मग दारापर्यंत येऊन त्याला सांगितलं, "आज संध्याकाळी कड्या काढायच्या. बाथरूमची आणि त्यांच्या खोलीची. तुम्ही नाही काढल्या तर मी उद्या सुतार बोलावते." "सुताराच्या घरी सुतार बोलावणार?" तो म्हणाला. ती हसली नाही. "तुम्ही ड्यूटीवर असता. दिवसभर घरी मी असते. आत पडले, डोकं फुटलं, तर मी काय दारावर डोकं आपटत बसू?" ती बरोबर होती. अशी दारं त्यानं उघडली होती. बाहेर सून रडतेय, शेजारी जमलेत, आणि आत कुणीतरी कधीचं गार पडलंय. हे सगळं तो तुकडीला वर्गात शांतपणे सांगत असे. पण खोलीची कडी ही निव्वळ कडी नव्हती. आप्पांचं अंथरूण आताशा ओलं होत असे. पहाटे ते उठत, कडी लावलेलीच असे, चादर काढत, गादी उलटी करत, चादर खिडकीच्या गजांवर वाळत घालत आणि वाळली की पुन्हा घालत. हे सगळं करायचं ते विसरत नव्हते. मुलाचं तोंड विसरत, पण हे नाही. घरात तिघांनाही हे माहीत होतं आणि तिघंही माहीत नसल्यासारखं वागत होते, आणि हे नाटक त्या एका कडीवर उभं होतं. मागे एकदा, आप्पांचं डोकं जाग्यावर असताना, त्यानं त्यांना विचारून बघितलं होतं. "आप्पा, तुमच्या खोलीची कडी काढू का? तुमच्याच सोयीसाठी." आप्पांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं होतं, त्याच्याकडे अगदी ओळखीनं बघितलं होतं आणि म्हणाले होते, "मी मेल्यावर काढ." मग वर्तमानपत्र पुन्हा वर घेतलं होतं, उलटं.

बाहेर आता थकल्याचे आवाज यायला लागले होते. मास्कमधून श्वास ओढल्याचा घुर्र घुर्र आवाज, घण खाली टेकल्याचा आवाज, कुणीतरी कुणाच्या तरी पायावर पहार टाकल्याचं ओरडणं. दार हललं नव्हतं. हलणार नाही हे त्याला ठाऊक होतं. कुलपाच्या बाजूला पहारेचं टोक घालून चौकट बाजूला सारायची, हे त्यानंच त्यांना शिकवलेलं, आणि ते बहुतेक दारांना चालतं, कारण चौकट आणि भिंत यांच्यामध्ये सुतारानं पोकळी सोडलेली असते, वर पट्टी मारून झाकलेली. आप्पा पोकळी सोडत नसत. कुलपाच्या मागे ते लाकडाचा ठोकळा बसवत, भिंतीला अगदी चिकटून. त्याचे कुणी जास्त पैसे देत नव्हतं आणि कुणाला ते दिसतही नव्हतं. पण खालच्या बिजागरीला मात्र ते मुद्दाम आखूड स्क्रू लावत. वरच्या दोन बिजागऱ्यांना लांब, खालच्या एकीला आखूड. लहानपणी त्यानं विचारलं होतं, की असं का. आप्पांनी आजूबाजूला घरमालक नाही हे बघितलं होतं आणि म्हणाले होते, "कधीतरी कुणीतरी आत अडकतं. मग मलाच बोलावतात. तेव्हा दार कापायला लागू नये. एक वाट आपली आपल्याला ठेवावी. कुणाला सांगायचं नाही." त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं दारं फोडताना तो हळूच खालच्या बिजागरीच्या बाजूला एकदा दाबून बघायचा, आणि आप्पांचं एखादं दार भेटलंच तर ते असं लोण्यासारखं सुटायचं की बाकीचे जवान बघत राहायचे. घरच्या बाथरूमलाही तीच वाट होती. सकाळी गुडघे टेकून बसला होता तेव्हा ती त्याच्या हाताच्या अंतरावर होती. त्यानं ती वापरली नव्हती, आणि बायकोला दाखवायची त्याची छाती झाली नव्हती. दाखवली तरी तिनं काय करायचं, पहार घेऊन बसायचं?

बाहेर लंबू म्हणाला, "साला, हे दार आहे का भिंत?" आणि मग तुकडीतली एकुलती एक मुलगी, जिला सगळे चष्मेवाली म्हणत, धापा टाकत म्हणाली, "मास्तर गप्प का आहेत? ते ओरडणार होते ना?" तिच्या आवाजात खरी भीती होती. एवढ्या वेळानं कुणालातरी आतला माणूस आठवला होता. तिनं दारावर तळहात आपटला. "मास्तर! आत आहात ना? ठीक आहात ना?" "आहे," तो म्हणाला. आपला आवाज म्हाताऱ्यासारखा आलाय असं त्याला वाटलं. मग तो बोळाच्या टोकाला परत गेला, भिंतीला पाठ लावली आणि मोठ्यानं म्हणाला, "कुलूप सोडा. बिजागरीची बाजू घ्या. सगळ्यात खालची. तिथे टोक घाला आणि नुसतं रेटा." मग लाकूड करकरलं आणि आखूड स्क्रू एकामागून एक सुटले. खालचा कोपरा आत आला, त्या ओढीनं वरचं सगळं पिळवटलं, आणि दार कडीवर लटकत तिरकं होऊन थांबलं. फटीतून काळ्या काचांची चार डोकी आत घुसली. लंबूनं मास्क वर केला, तोंड घामानं चिंब. "मास्तर, तुम्हाला कसं कळलं?" "ज्यानं केलंय तो ओळखीचा आहे," तो म्हणाला. मग शिक्षकाचा आवाज काढून त्यानं चौघांना रांगेत उभं केलं आणि झाडलं. दार फोडण्याआधी विचारलं का कुणी? आत माणूस आहे, त्याला विचारावं, असं एकाच्याही मनात आलं नाही? चौघांनी माना खाली घातल्या. झाडताना त्याचं लक्ष तिरक्या दाराकडेच होतं. कडी अजून शाबूत होती. सगळं सुटलं होतं आणि ती तेवढी धरून होती. दुपारभर उरलेल्या मजल्यांवर सराव झाला, आणि आता गुपित फुटल्यामुळे दारं भराभर पडत गेली. साहेब येऊन खूश होऊन गेले. त्याला मात्र जेवण गेलं नाही.

घरी आला तेव्हा उजेड होता. बायकोनं नुसतं बाथरूमच्या दाराकडे बघितलं. आप्पांच्या हत्यारांची पेटी माळ्यावर होती. ती काढताना त्याला वाटत होतं की आप्पा बाहेर फिरायला गेलेले असावेत, झोपलेले असावेत, कुठेही असावेत. ते खोलीत खुर्चीवर बसून त्याच्याकडेच बघत होते. काय करावं हे न कळून त्यानं पेटी त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि उघडली. आपण हे का केलं हे त्याला त्या वेळी कळलं नाही. आप्पा पेटीवर वाकले. त्यांचा हात पटाश्यांवरून, रंध्यावरून फिरला आणि चेहरा पाहता पाहता बदलला, ताठ झाला, कामावरचा झाला. "काय काम आहे?" त्यांनी विचारलं. "एक कडी काढायचीय," तो म्हणाला. "हा पेचकस नको. पातं रुंद आहे, खाच बिघडेल. हा घे." ते उठले, दाराशी आले आणि कडीवर वाकून खाचा बघितल्या. "चांगलं काम आहे," ते म्हणाले. "कुणी केलंय?" ते उत्तरासाठी थांबले नाहीत. त्यांनी त्याचा हात मनगटाशी धरून पेचकस सरळ केला. "आधी थोडं आवळायचं, मग सोडायचं. गंज सुटतो." स्क्रू कित्येक वर्षांनी हलला. दोघांनी मिळून एकेक काढला. आप्पा प्रत्येक स्क्रू तळहातावर घेत होते आणि वरच्या खिशात टाकत होते. कडी हातात आली तेव्हा ते थबकले. दाराकडे बघितलं, खोलीतल्या पलंगाकडे, खिडकीच्या गजांकडे बघितलं. "आतली कडी काढताय," ते म्हणाले, "म्हणजे घरात म्हातारं माणूस असणार." "हो." "विचारलंत त्यांना?"

सकाळपासूनचं सगळं त्याच्या अंगावर आलं. "विचारलं," तो म्हणाला. "काय म्हणाले?" दाराआड बायको उभी होती, तिची सावली त्याला दिसत होती. "हो म्हणाले," तो म्हणाला. आप्पांनी मान हलवली. "समंजस आहेत," ते म्हणाले. "मी असतो तर नसतं काढू दिलं." मग ते पुन्हा कामाला लागले. भोकं अशी उघडी ठेवायची नाहीत, असं त्यांनी त्याला समजावलं. लाकडाची कपची सरस लावून भोकात ठोकायची, वरून भुशाचा लगदा भरायचा, घासून सारखं करायचं. "नाहीतर त्यांना दिसत राहील," ते म्हणाले. "रोज बोट जाईल तिथे." आणि स्वतःच्याच हातांनी त्यांनी भोकं इतकी नीट बुजवली, की रंगाचा फरक सोडला तर तिथे कधी काही होतं हे कुणाला कळलं नसतं. बाथरूमचीही कडी त्यांनी तशीच काढून दिली. हात धुऊन ते त्याला म्हणाले, "मजुरी घरातल्या माणसांकडून मागू नका. म्हाताऱ्यासाठीचं काम आहे."

जेवणं लवकर झाली. आप्पा खोलीत गेले आणि त्यांनी दार लोटलं. तो बाहेर बोळात पेटी आवरत होता. आतून तळहात लाकडावर फिरल्याचा आवाज यायला लागला. आधी सावकाश, कोपराच्या उंचीवर. मग वर, मग खाली, मग पुन्हा कोपराशी. तो आवाज घावासारखा नव्हता, पण त्याच्या पाठीचा कणा सकाळसारखाच ताठ झाला. बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं, "काय झालं?" त्यानं हातानं तिला थांबवलं. आवाज बंद झाला. मग अगदी दाराला तोंड लावून, कुजबुजत, आप्पांनी विचारलं, "बाहेर आहे का कुणी?"

"आहे," तो म्हणाला.

"मला जरा कपडे बदलायचेत," आप्पा म्हणाले. "ओले झालेत. दाराला कडी नाही. तुम्ही तेवढं बाहेरून धरून ठेवाल का? घरात सूनबाई आहेत."

तो उठला. त्यानं दोन्ही हातांनी मूठ धरली, पाय रोवले आणि दार स्वतःकडे ओढून धरलं. "धरलंय," तो म्हणाला. "तुम्ही सावकाश आवरा."